मैदान आणि वही

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात क्रीडा मंडळाच्या वतीने केलेले भाषण)





आजच्या कार्यक्रमात आम्हाला विषय दिला आहे, 'वस्तीत क्रीडा मंडळ कसे चालवावे?' आजूबाजूच्या वस्त्यांतली मंडळी आम्हाला नेहमी विचारतात, की तुमचं मंडळ टिकलं कसं? आमचं तर दोन वर्षांत मोडलं. त्यांना वाटतं आमच्याकडे काही युक्ती असेल. युक्ती काही नाही. उलट आमचंही मंडळ एकदा मोडलंच होतं, आणि ते आम्हीच मोडलं होतं. ते कसं, हे सांगायचं ठरवून आम्ही पाच-सहा जण बसून हे भाषण लिहिलं. बोलणारा एक असला तरी म्हणणं सगळ्यांचं आहे. म्हणून यात 'मी' कुठे नाही, 'आम्ही' आहे.

सुरुवात याच पायऱ्यांवर झाली. संध्याकाळी वंदनेला येणाऱ्या आयाबहिणींना आत यायला वाट मिळत नसे. पायऱ्यांवर पोरं बसलेली. एकाच्या हातात मोबाइल आणि चौघे त्यात डोकावणारे. कोपऱ्यात गुटख्याच्या पुड्या. ज्येष्ठ मंडळी त्यांना ओरडायची, मग पोरं उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसायची. पायरी रिकामी व्हायची, एवढाच त्या ओरडण्याचा उपयोग. पाचवं शील आम्ही दर पौर्णिमेला म्हणत होतो, पण पोराने संध्याकाळी सहा ते आठ काय करायचं, हे त्याला कोणी सांगत नव्हतं. 'हे करू नको' असं सांगणारे शंभर होते. 'चल, हे करू' म्हणणारा एकही नव्हता.

कबड्डी निवडली ती सोय पाहून. क्रिकेटला बॅट, पॅड, हेल्मेट आणि मोठं मैदान पाहिजे. कबड्डीला पुरुषांचं क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, महिलांचं १२ बाय ८. एवढी जागा विहारासमोर होती. दगड वेचले, दोन हातगाड्या माती टाकली, पाणी मारून ती दाबली, फक्कीने रेषा आखल्या. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. एका वेळी सात खेळाडू मैदानात, संघ बाराचा, आणि एका चढाईला ३० सेकंद. साहित्य म्हणाल तर आपला दम आणि आपले पाय.

आपल्या आजोबांच्या पिढीला हा खेळ 'हुतूतू' म्हणून ठाऊक होता. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो तिथे करून दाखवला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि भारताने सुवर्णपदक घेतलं. २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे तो घरोघरी टीव्हीवर दिसतो. कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांनी या खेळासाठी सारं आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै आपल्या राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. हे सगळं पोरांना सांगितलं की त्यांची छाती फुगते. पण आम्ही स्वतः पहिल्याच वर्षी जी चूक केली, ती अगदी टीव्ही पाहून केली.

आम्ही आधी टी-शर्ट शिवले.

हसू नका, बहुतेक मंडळं इथूनच सुरू होतात. निळे टी-शर्ट, पाठीवर नंबर, छातीवर मंडळाचं नाव. त्यासाठी एका पुढाऱ्याकडून पैसे आणले. त्याची अट होती, की टी-शर्टवर आणि मैदानाच्या फलकावर त्याचा फोटो पाहिजे. त्यावरून वाद. सात नंबर कोणाला, यावरून वाद. पंधरा दिवस आम्ही टी-शर्टवर भांडलो आणि सराव केला चार दिवस. मग एका स्पर्धेत उतरलो. पहिल्याच सामन्यात आमच्यावर तीन लोण चढले. समोरच्या संघातली पोरं बनियनवर खेळत होती. परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. दुसऱ्या सोमवारी मैदानावर दोन जण आले. टी-शर्ट मात्र सगळ्यांकडे शिल्लक होते!

यातून शिकलो ते असं. आधी मैदान, मग सराव, टी-शर्ट सर्वांत शेवटी. रोजची वेळ एकच ठेवायची आणि त्या वेळेला दोन मोठी माणसं हजर पाहिजेत. पाऊस असो, मॅच असो, कोणाच्या घरी हळद असो. पोरं शिस्त भाषणाने शिकत नाहीत. आपला दादा सहाच्या ठोक्याला फक्कीची पिशवी घेऊन उभा आहे, हे रोज दिसलं की शिकतात. पहिली पंधरा मिनिटं अंग मोकळं करणं, धावणं. नखं कापलेली पाहिजेत, अंगावर साखळी-अंगठी नको. नवख्या पोराला पहिल्या दिवशी पकडीत घालायचं नाही, नाहीतर गुडघा जातो आणि पोरगंही जातं. परीक्षेच्या महिन्यात सराव निम्मा, आणि राहिलेला वेळ विहारात अभ्यास. नियम सगळ्यांना सारखा. शिकवणारा तंबाखू मळत उभा असेल तर पोराच्या पुडीबद्दल त्याने तोंड उघडू नये. आमच्यातल्या दोघांची तंबाखू अशी सुटली.

एक सवय आम्ही पहिल्यापासून लावली. चढाईत स्पर्श झाला असेल तर पंचांनी पाहिलं नसलं तरी खेळाडूने स्वतः हात वर करायचा. सुरुवातीला पोरं म्हणाली, "दादा, असं केलं तर आपण हरू." खरंच दोन सामने त्यामुळे हरलो. पण चौथं शील नुसतं म्हणण्यात आणि अंगात मुरवण्यात फरक असतो, आणि तो गुण गेल्यावर कळतो.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना आम्हाला लाज वाटते, पण ती वगळली तर बाकीच्या भाषणाला अर्थ नाही.

मंडळ दुसऱ्यांदा उभं राहिलं ते आपल्या वस्तीतल्या एका काकांमुळे. काका नोकरीतून निवृत्त झालेले, तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेले. त्यांनी शिट्टी घेतली आणि पोरं गोळा केली. रोज यायचे. वर्गणी त्यांच्याकडेच जमायची, खर्चही तेच करायचे. फक्की, पट्ट्या, मलम, स्पर्धेची प्रवेश फी, गाडीभाडं, सगळं त्यांच्या हातून. पावती नाही, वही नाही. आम्हाला त्यात काही गैर वाटलं नाही. काका आहेत ना, मग झालं.

दुसऱ्या वर्षी एका स्पर्धेत रोख बक्षीस मिळालं. महिन्याभराने कोणीतरी विचारलं, त्या पैशांचं काय झालं? काका म्हणाले, खर्च झाले. कशावर? काकांना तोंडी सगळं सांगता येईना. मग कुजबुज सुरू झाली. पानाच्या टपरीवर, नळावर, जिन्यात. एका रविवारच्या बैठकीत ती उघड बोलली गेली. पैसे खाल्ले, हा शब्द वापरला गेला. तो शब्द वापरणारे बाहेरचे कोणी नव्हते. आम्हीच होतो. आज हे भाषण लिहायला बसलेल्यांपैकी दोघे त्यात होते.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, विहाराच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर अंधार. पोरं पुन्हा पायऱ्यांवर.

दोन महिन्यांनी काकू महिला मंडळाच्या बैठकीला आल्या, त्या हातात पत्र्याचा एक डबा घेऊन. डब्यात चिठ्ठ्या होत्या. मेडिकलच्या, रिक्षाच्या, हार्डवेअरच्या दुकानाच्या. एका पोराचा खांदा निखळला तेव्हाचं एक्स-रेचं बिल होतं. त्या पोराच्या घरच्यांनाही ते बिल कोणी भरलं हे माहीत नव्हतं. काकू एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मोजा. मी अडाणी बाई आहे." आम्ही चौघे जमिनीवर बसून रात्री अकरापर्यंत बेरीज करत होतो. बेरीज झाली तेव्हा कळलं, की काकांकडे मंडळाचा एक रुपया निघत नव्हता. मंडळाकडेच काकांचे पैसे निघत होते.

आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. पैसे घेऊन गेलो होतो, ते त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "देणगी म्हणून लिहा. पण पावती फाडा." मंडळाच्या पावतीपुस्तकातली पहिली पावती ती आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, त्या रात्री आम्हाला कळलं, की काकांचा घात नुसत्या संशयाने केला नव्हता. आम्ही त्यांच्यावर जो आंधळा विश्वास टाकला होता, त्यानेही केला होता. वही नसेल तर प्रामाणिक माणसाला स्वतःचा प्रामाणिकपणा दाखवता येत नाही, आणि लबाड माणसाला लबाडी लपवायला जागा मिळते. वही असली तर दोघांचाही निवाडा होतो.

आपल्याला हे नवीन असायला नको होतं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी जे भाषण केलं, त्यात त्यांनी सांगितलं आहे, की संसदेची कार्यपद्धती या देशाला अपरिचित नव्हती. भिक्खू संघात ठराव कसा मांडावा, गणसंख्या किती असावी, मतं कशी मोजावीत, याचे नियम होते. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोकाही सांगितला. दरवर्षी २६ नोव्हेंबरला संविधान दिन साजरा करणाऱ्या आम्ही आमच्या बारा पोरांच्या मंडळात काय ठेवलं होतं? एका माणसाची पूजा, आणि नंतर त्याच माणसाची निंदा. ठराव नाही, हिशेब नाही.

महापरिनिब्बान सुत्तात वज्जी लोकांची गोष्ट आहे. मगधाच्या राजाला वज्जींवर स्वारी करायची होती, म्हणून त्याने आपला मंत्री भगवंतांकडे पाठवला. भगवंतांनी आनंदाला विचारलं, वज्जी वरचेवर सभा भरवतात ना? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात ना? ठरलेले नियम पाळतात ना? वडीलधाऱ्यांचा मान ठेवतात ना? स्त्रियांवर, मुलींवर जबरदस्ती करत नाहीत ना? अशा सात गोष्टी विचारल्या आणि सांगितलं, की हे जोवर चालू आहे तोवर वज्जींची हानी होणार नाही. सैन्य किती, हत्ती किती, हे त्यात नाही. वरचेवर भेटता का, हा पहिला प्रश्न आहे. आम्ही तोच धरून मंडळ पुन्हा बांधलं.

ते कसं, हे थोडक्यात सांगतो, कारण दुसऱ्या वस्तीतल्यांना याचाच उपयोग आहे.

दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर जमाखर्चाची वही मोठ्याने वाचायची. दहा रुपयांची फक्की असली तरी तिची चिठ्ठी वहीला टाचलेली पाहिजे. वाचणारा आणि लिहिणारा वेगळा. बँक खात्यावर दोन सह्या. पैसे एकाने जमा करायचे, खर्चाला मंजुरी दुसऱ्याने द्यायची. बैठकीत ठरलेलं इतिवृत्तात लिहायचं आणि पुढच्या बैठकीत आधी ते वाचायचं. अर्धे सभासद नसतील तर ठराव करायचा नाही.

मग नोंदणी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. सात खेळाडू, सात सभासद, हिशेब लक्षात ठेवायला सोपा! आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. संस्थेचं नाव, उद्देश, नियमावली, कार्यकारिणीची यादी, सह्या, पत्त्याचे पुरावे. फेऱ्या माराव्या लागतात, कंटाळा येतो. पण नोंदणी म्हणजे शेवट नव्हे. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ मंडळं इथे अडकतात. दहा वर्षांपूर्वीचे अध्यक्ष गाव सोडून गेलेले आणि कागदावर अजून तेच अध्यक्ष! मग बँकही दाद देत नाही. जिल्हा संघटनेकडे मंडळाची आणि खेळाडूंची नोंद वेळेवर करा, नाहीतर चांगल्या पोराला निवड चाचणीत उभं राहता येत नाही.

फोटोच्या अटीवर देणगी घ्यायची नाही, हा आमचा तिसरा ठराव. कोणीही द्यावं, पावती घ्यावी, वाचनात नाव ऐकावं. एवढाच मान. निवडणुकीच्या दिवसांत मैदानावर कोणाचाही फलक लागत नाही.

चौथा ठराव मुलींच्या संघाचा. तो सहज झाला नाही. काही आयांनीच विरोध केला. पोरीचा पाय मोडला तर, लोक काय म्हणतील, अंधार पडतो. आम्ही वाद घातला नाही, अडचणी विचारल्या. कपडे बदलायला जागा पाहिजे, तर विहाराची मागची खोली मिळाली. वेळ संध्याकाळऐवजी सकाळची ठेवली. महिला मंडळातल्या दोघी पाळीपाळीने मैदानावर बसू लागल्या. आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी २०१० साली आली आणि पहिलं सुवर्ण भारताने घेतलं. २०१४ च्या सुवर्णविजेत्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती, तिला पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. हे सांगितल्यावर आया ऐकतात, पण खरं पटतं ते स्वतःच्या पोरीने घरी येऊन मोठ्याने बोलायला लागल्यावर. आज मुलींचा संघ मुलांपेक्षा नियमित आहे. मुलांनी वाईट वाटून घेऊ नये, हजेरीपुस्तक तसं सांगतं.

पाचवा ठराव, मैदान सगळ्यांचं. यावरही बैठक तापली होती. आपल्या विहाराची जागा, आपली वर्गणी, मग बाहेरच्या पोरांना कशाला, असं काहींचं म्हणणं. तेव्हा एका ज्येष्ठांनी पालवणकर बाळूंची हकिकत सांगितली. पुण्याच्या युरोपियन क्लबात ते मैदानाची कामं करत, साहेबांना गोलंदाजी टाकत. पुढे हिंदू संघात आले. मैदानात त्यांच्याच हातचा चेंडू सगळे झेलत, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात सर्वांत जास्त बळी त्यांचे. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळालं. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. त्यांची राजकीय वाट आपली नव्हती. पण त्या मातीच्या भांड्याचं दुःख आपल्या वाडवडिलांचंच होतं. ते ज्येष्ठ म्हणाले, "आपल्या मैदानावर पाण्याचा माठ एकच राहील आणि पेला एकच राहील. कोण कुठल्या घरचा, हे विचारायचं नाही." ठराव एकमताने पास झाला. आज आपल्या संघात वेगवेगळ्या घरांतली पोरं आहेत, आणि विहाराच्या पायरीवर चपला काढून आधी पाणी पितात.

आता शेवटचं. तुम्हाला वाटेल, ही मंडळी पैसे मागायला आली. तसं नाही. वर्गणी येते, खर्च भागतो, ढाली ठेवायला कपाटात जागा नाही. आमची काळजी वेगळी आहे. पौर्णिमेच्या वहीवाचनाला सुरुवातीला चाळीस-पन्नास माणसं बसायची. आता मंडळ बरं चाललंय म्हटल्यावर बारा-पंधरा बसतात. लोक म्हणतात, "तुमच्यावर विश्वास आहे." हेच वाक्य आम्ही काकांना म्हणत होतो. कृपा करून आम्हाला ते म्हणू नका. घरटी एकाने महिन्यातून एकदा अर्धा तास यावं, ऐकावं, शंका असेल तर तिथेच विचारावी. टपरीवर विचारू नये, नळावर विचारू नये.

येत्या वैशाख पौर्णिमेला कार्यकारिणी बदलते आहे. आमच्यापैकी कोणीही पुन्हा उभं राहणार नाही, असं आम्ही ठरवलं आहे. चिटणीसपदासाठी मुलींच्या संघातल्या एका खेळाडूचं नाव सुचवलं गेलं आहे. बदल अर्ज कसा भरायचा, हे ती आतापासून शिकते आहे.

काका मैदानावर अजून येत नाहीत. आम्ही दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा बोलावलं नाही, त्यांच्या मनाचा मान ठेवला. पण प्रत्येक पौर्णिमेला ते येतात, डावीकडे खांबाजवळ बसतात, आणि वाचन संपल्यावर वही मागून घेऊन चष्मा लावून एकदा बेरीज तपासतात. आजही ते तिथेच बसले आहेत. आमचा हिशेब त्यांच्यासमोर आहे आणि तुमच्यासमोर आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!